प्रवासात हॅण्डहेल्डवर गेम खेळायचे असतील तर पॉवर बँक कशी निवडायची, गावाकडून निघणाऱ्यांसाठी सगळा हिशोब

घाटंजीहून यवतमाळ एसटीने, यवतमाळहून संध्याकाळची स्लीपर ट्रॅव्हल्स अन् सकाळी पुणे, हा माझा वर्षातून पाच-सहा वेळचा रस्ता आहे. बारा-तेरा तास तरी जातात, मधी मधी नेटवर्क गुल असते, त्यामुळे आधीच डाऊनलोड करून ठेवलेले गेम अन् हॅण्डहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं छोटं गेमिंग मशीन, हाच आधार. बर्थच्या डोक्याशी चार्जिंगचं सॉकेट असते खरं, पण पिन ढिली बसते, गाडी खड्ड्यातून गेली की चार्जिंग तुटते अन् परत लागते, अन् ढाब्यावर इंजिन बंद केलं की तेही बंद. म्हणून पॉवर बँक लागतेच.

माझी पहिली पॉवर बँक मी बसस्टँडसमोरच्या एका दुकानातून घेतली होती, डब्ब्यावर मोठ्या अक्षरात २०,००० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं एक माप), किंमत सहाशे रुपये. पहिल्याच रात्री मेहकर यायच्या आधी ती संपली, एक मोबाईल जेमतेम भरला अन् हॅण्डहेल्डला लावली तर चार्जर स्लो आहे असा मेसेज आला अन् बॅटरी उतरतच राहिली. गावात परत आलो तेव्हा किराणा दुकानात गेलो अन् काट्यावर ठेवून पाहिली. दुकानदार काका म्हणे, "हे काय जोखू राह्यला रे पोट्ट्या?" काट्यावर १४५ ग्रॅम. खरी २०,००० ची पॉवर बँक इतकी हलकी असूच शकत नाही, का ते खाली सांगतो, पण तेव्हापासून मी डब्ब्यावरचा मोठा आकडा पाहून काही घेत नाही.

या लेखात मला मेन तीन गोष्टी सांगायच्या आहेत. किती वीज आत मावते ते वॉट-अवरमध्ये पहा, ती वीज तुमच्या मशीनला किती जोराने भेटते ते वॉटमध्ये पहा, अन् ती पॉवर बँक स्वतः किती वेळात भरते ते पहा, कारण आपल्याकडे लाईन कधी जाईल याचा भरोसा नाही. बाकी सगळं या तीनवरूनच निघते.

आधी घरी बसून हिशोब करा

दुकानात किंवा ऑनलाइन पाहायच्या आधी एका कागदावर तुमचं मशीन कोणतं ते लिहा अन् त्याची बॅटरी किती वॉट-अवरची आहे ते लिहा. आपल्याकडे बहुतेक पोट्टे मोबाईलवरच खेळतात, बीजीएमआय नाहीतर फ्री फायर मॅक्स, तर मोबाईलचं धरा. ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-अवर. निन्टेंडो स्विच ओएलईडीची ४,३१० एमएएच, म्हणजे १६ वॉट-अवर. स्विच २ ची ५,२२० एमएएच, म्हणजे १९-२० च्या आसपास. स्टीम डेकचं जुनं एलसीडी मॉडेल ४० वॉट-अवर अन् ओएलईडी ५०. आरओजी अॅलाय ४० अन् अॅलाय एक्स थेट ८०. म्हणजे पहा, सगळ्यांना हॅण्डहेल्डच म्हणतात पण स्विचची अन् अॅलाय एक्सची भूक पाचपट वेगळी आहे, म्हणून "गेमिंगसाठी चांगली पॉवर बँक सांगा" असं नुसतं विचारून काही उपयोग नाही, आधी मशीन सांगावं लागते.

मग प्रवासाचे तास लिहा. पण खरे खेळायचे तास लिहा, तिकिटावरचे नाही. मी संध्याकाळी सहाला बसतो, साडेनऊ-दहाला जेवायला गाडी थांबते, बारापर्यंत झोप येते, म्हणजे पाच तास खेळणं झालं. सकाळी अर्धा-पाऊण तास, तोही मोबाईलवर. मोबाईलवर बीजीएमआयसारखा गेम साधारण ४ ते ६ वॉट खातो, स्विच त्याच्याहून थोडी जास्त, अन् स्टीम डेकवर जड गेम लावला तर सगळं मिळून २० ते २५ वॉट, पण जुना टूडी गेम लावून ब्राइटनेस कमी केला तर तेच मशीन ८-१० वॉटवर चालते. तास गुणिले वॉट म्हणजे वॉट-अवर. पाच तास गुणिले १० म्हणजे ५० वॉट-अवर, अन् ओएलईडी डेकची स्वतःची बॅटरीच ५० ची आहे, म्हणजे हलके गेम खेळणाऱ्याला एका बाजूच्या प्रवासाला पॉवर बँक फक्त मोबाईलपुरती लागेल. तेच जड गेमला पाच तास गुणिले २० म्हणजे १००, तर वरचे ५० पॉवर बँकेतून यायला पाहिजे.

हा हिशोब पाच मिनिटाचा आहे पण न करताच लोक कोणी १०,००० ची घेते अन् कमी पडते, कोणी ३०,००० चा दगड घेते अन् प्रत्येक वेळी अर्ध्या किलोच्या वर वजन उगीच वाहते.

एमएएचचा आकडा अन् हाती येणारी वीज

आता डब्ब्यावरच्या आकड्याचं सांगतो. चांगल्या कंपनीचा १०,००० एमएएच हा आकडा खोटा नसते, पण तो आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असते. पॉवर बँक बाहेर ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट देते, त्यासाठी आत सर्किटला व्होल्टेज वाढवावं लागते अन् त्यात काही वीज उष्णता होऊन जाते. क्विंटलभर कापूस जिनिंगला नेला तर क्विंटलभर रुई कोणी मागत नाही, ३४-३५ किलो रुई निघते अन् बाकी सरकी, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. इथं सुदैवाने इतकं जात नाही, पण जाते.

हिशोब असा करा. एमएएचला १,००० ने भागा अन् ३.७ ने गुणा. १०,००० म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,००० म्हणजे ७४, २७,००० म्हणजे जवळजवळ १००. त्यातून साधारण १५ टक्के सर्किटमध्ये जातात असं धरा, म्हणजे ३७ चे ३१ अन् ७४ चे ६३ हाती येतात. मग तुमच्या मशीनची बॅटरी भरताना अजून दहाएक टक्के जातात. म्हणून १०,००० च्या बँकेने ५,००० चा मोबाईल दोनदा भरत नाही, दीडच्या आतबाहेर भरतो, अन् यात कोणी फसवलं असं नाही. स्विच ओएलईडी पावणेदोनदा भरते. स्टीम डेक ओएलईडी २०,००० च्या बँकेने एकदा पूर्ण भरते अन् थोडंसं उरते.

चांगल्या कंपनीच्या पॉवर बँकेवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात "रेटेड कपॅसिटी" लिहिलेली असते. १०,००० च्या बँकेवर ५ व्होल्टला साडेपाच हजार ते साडेसहा हजार एमएएच असं काहीतरी दिसेल. तो आकडा कमी दिसतो म्हणून घाबरू नका, उलट जी कंपनी तो आकडा छापते तिच्यावर मी जास्त भरोसा ठेवतो. ज्याच्यावर ना वॉट-अवर, ना रेटेड कपॅसिटी, फक्त समोर मोठा आकडा, ते उचलूच नका.

वॉट: इथंच सगळ्यात जास्त लोक चुकतात

वीज आत भरपूर आहे पण पाईप बारीक आहे तर मोटर चालवून काय फायदा. हॅण्डहेल्डच्या बाबतीत हेच होते. मशीन २० वॉट खात आहे अन् पॉवर बँक १० वॉट देत आहे, तर चार्जिंगचं चिन्ह दिसेल पण टक्केवारी खालीच जाईल, फक्त हळू जाईल.

स्टीम डेकचा स्वतःचा चार्जर ४५ वॉटचा आहे, १५ व्होल्ट अन् ३ अँपिअर. आरओजी अॅलायचा ६५ वॉटचा. स्विच हातात धरून खेळताना १८-२० वॉटच्या वर ओढत नाही, म्हणून तिला २० वॉटची साधी पीडी बँक पुरते (पीडी काय ते लगेच सांगतो). मोबाईलला खेळता खेळता १५-१८ वॉट भेटले तरी खूप झालं, त्याच्या वर दिलं तर तो फक्त तापतो.

पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, टाईप-सीवर चालणारी कॉमन पद्धत. मशीन अन् बँक आधी आपसात बोलतात, किती व्होल्ट पाहिजे, किती देऊ शकतो, अन् मग वीज सुरू होते. गेमिंग हॅण्डहेल्ड जवळपास सगळे हीच भाषा समजतात. मोबाईल कंपन्यांच्या स्वतःच्या भाषा वेगळ्या, सुपरवूक, सुपरचार्ज वगैरे, त्या हॅण्डहेल्डला कळत नाही. इथं एक बारीक गोष्ट आहे. बाजारात "२२.५ वॉट" लिहिलेल्या खूप पॉवर बँका दिसतात, तो २२.५ बहुतेक वेळा काही ठराविक मोबाईलच्या पद्धतीवरचा असते, पीडीवर तीच बँक १८ किंवा २० वॉट देते. म्हणून समोरचा आकडा सोडा अन् मागच्या छापील ओळी वाचा. "टाईप-सी आउटपुट" म्हणून एक ओळ असते, त्यात ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर, १२ व्होल्ट १.६७ अँपिअर असं लिहिलेलं असते. तिथंच थांबलं तर ती २० वॉटची बँक, स्विच अन् मोबाईलसाठी ठीक, स्टीम डेकसाठी नाही. पुढे १५ व्होल्ट ३ अँपिअर दिसलं तर डेकला चालेल. २० व्होल्ट ३.२५ अँपिअर दिसलं तर ६५ वॉट, अॅलायला चालेल.

दोन पोर्टचं पण पहा. समजा डब्ब्यावर ६५ वॉट आहे अन् तुम्ही एकीकडे हॅण्डहेल्ड अन् दुसरीकडे मोबाईल लावला, की बऱ्याच बँका वीज वाटून टाकतात, एकीकडे ४५ दुसरीकडे १८, अन् काही स्वस्त बँका दोन्ही पोर्ट ५ व्होल्टवर आणून ठेवतात, मग दोघांचंही चार्जिंग रखडते. माझ्या मावसभावाकडे तशी आहे, तो मोबाईल काढला की डेक परत फास्ट होते. छापील ओळीत "टोटल आउटपुट" पहा, नसेल लिहिलं तर एका वेळी एकच लावायचं असं धरून चाला.

स्वस्त रेट्रो मशीनवाल्यांसाठी, म्हणजे जुन्या जमान्यातले गेम चालवणाऱ्या मशीनवाल्यांसाठी, एक वेगळी गोष्ट, कारण गावातल्या पोट्ट्यांकडे आता हेच जास्त दिसतात, आर३६एस अन् तसले. यातल्या बऱ्याच बॅचमध्ये टाईप-सी पोर्टच्या आत दोन छोटे रेझिस्टर बसवलेलेच नसतात, त्यामुळे दोन्ही टोकं सी असलेली केबल लावली तर बँकेला कळतच नाही की समोर कोणी आहे, अन् ती वीज सोडत नाही. लोक म्हणतात मशीन खराब झालं. मशीन चांगलं असते, जुन्या चौकोनी यूएसबी-ए पोर्टमधून सी केबल लावा, चार्ज सुरू. म्हणून अशा मशीनसाठी पॉवर बँकेला निदान एक यूएसबी-ए पोर्ट पाहिजेच, नुसती सी-पोर्टवाली घेऊ नका. वॉटची यांना काही गरज नाही, ५ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर बस झालं, १०,००० ची साधी बँक दोन दिवस पुरते.

केबलचं आताच सांगून टाकतो. सी-टू-सी केबल साधी असली तर ती ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्याच्या वर पाहिजे तर ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते, तिच्यावर १०० वॉट लिहिलेलं असते. पन्नास रुपयाची केबल लावून पाच हजाराच्या बँकेला दोष देऊ नका. अन् जमलं तर काटकोनात वळलेल्या पिनची घ्या, बर्थवर आडवं पडून खेळताना सरळ पिन छातीला टेकते अन् पोर्टवर जोर येतो, सहा महिन्यात पोर्ट ढिला होते अन् मग दुरुस्तीला नागपूरशिवाय पर्याय नाही.

ती स्वतः किती वेळात भरते

हे कोणी पहात नाही, अन् आपल्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. शहरात रात्री लावली सकाळी भरली, विषय संपला. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईन कधी दुपारी जाते, कधी वादळ आलं की रात्रभर येत नाही, तार तुटली तर दोन दिवस. निघायच्या आदल्या दिवशी लाईन चार तासच होती तर त्या चार तासात किती भरली हाच प्रश्न.

२०,००० ची बँक पूर्ण भरायला भिंतीतून जवळपास ९० वॉट-अवर लागतात. १० वॉटने भरली तर नऊ तास. १८ वॉटने पाच. ३० वॉटने तीन. म्हणून छापील माहितीत "इनपुट" ची ओळ आउटपुटइतकीच नीट वाचा, काही बँका देताना ४५ वॉट देतात पण घेताना १८ च घेतात. अन् इनपुट ३० वॉट असलं तरी तुमचा चार्जर पीडीचा पाहिजे. मोबाईलसोबत आलेला ६७ किंवा ८० वॉटचा चार्जर त्याच कंपनीच्या मोबाईलला तेवढा देतो, पॉवर बँकेला लावला तर बऱ्याचदा १०-१५ वॉटवर येऊन बसते. माझं मत विचाराल तर बँकेवर दोनशे-चारशे कमी खर्च करा पण ३० किंवा ४५ वॉटचा एक चांगला पीडी चार्जर घ्या, तोच चार्जर बँकेला, हॅण्डहेल्डला अन् मोबाईलला, तिघांना चालते.

गावात व्होल्टेज कमी असते, बल्ब पिवळा जळते, त्याची काळजी करू नका. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो कमी व्होल्टेजवरही काम करते. वीज कडाडत असेल तर मात्र पिन काढून ठेवा. अन् बँक पूर्ण उतरू देऊन मग भरायची असं काही नाही, लाईन आहे तोवर लावत रहा, लिथियमच्या सेलला ते चालते.

खरी की नकली

वजनाचं सांगतो म्हटलं होतं. आजच्या चांगल्या लिथियम सेलमध्ये एका किलोत साधारण २०० ते २६० वॉट-अवर मावतात. ७४ वॉट-अवर म्हणजे नुसते सेलच ३०० ग्रॅमच्या आसपास, वरून सर्किट अन् बॉडी, म्हणजे २०,००० ची खरी बँक साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम भरते. १०,००० ची एकशेऐंशी ते अडीचशे. माझी १४५ ग्रॅमवाली फोडून पाहिली नाही, पाहायचीही नसते, पण काट्यावरच कळलं की आत २०,००० मावायला जागाच नव्हती. उलट जास्त वजन म्हणजे खरी असं मात्र समजू नका, वजन वाढवायला आत काहीही भरता येते. कमी वजन म्हणजे नक्की खोटी, एवढंच काटा सांगते.

दुसरं, बीआयएसचा नंबर. बीआयएस म्हणजे वस्तूंचे मानक ठरवणारी सरकारी संस्था. भारतात पॉवर बँक विकायला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, तिच्यावर आयएस मानकाचा नंबर (जसा आयएस १३२५२) अन् "आर" ने सुरू होणारा आठ आकडी नंबर छापलेला पाहिजे. मोबाईलवर बीआयएस केअर नावाचं सरकारी अॅप आहे, त्यात हा नंबर टाकला की कोणत्या कंपनीचा, कोणत्या वस्तूचा ते दिसते. नंबर टाकल्यावर भलत्याच कंपनीचं किंवा एलईडी बल्बचं नाव निघालं तर दुकानदाराला वापस द्या. दुकानात उभं राहून दोन मिनिटात होते हे, लाजू नका.

पक्कं बिल घ्या. वॉरंटी बहुतेक सहा महिन्याची असते, बिलाशिवाय ती कागदावरच राहते. मोठ्या कंपनीची घेतली म्हणजे डोळे मिटून बसायचं असंही नाही. जून २०२५ मध्ये अँकरने अमेरिकेत पॉवरकोर १०००० या मॉडेलच्या साडेअकरा लाखांवर पॉवर बँका आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. फरक इतकाच की तिथं मॉडेल नंबर अन् सिरीयल नंबर होता म्हणून लोकांना कळलं आपली त्यात आहे की नाही. बिननावाच्या डब्ब्याला परत मागवणारं कोणीच नसते.

किमतीचं थोडक्यात: १०,००० ची २० वॉट पीडीवाली हजार ते दीड हजारात बसते, २०,००० ची साधारण अठराशे ते अडीच-तीन हजारात, अन् ४५-६५ वॉटची त्याच्या वर. २०,००० ची नवी बँक पाचशे-सहाशेत देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आल्यावर टेस्ट करा, तीही लगेच

ऑनलाइन मागवली तर पार्सल आमच्याकडे तालुक्यापर्यंत येते, तिथून आणायला एखादा दिवस जाते अन् परत करायची मुदत बऱ्याच ठिकाणी सातच दिवस असते. म्हणून आली त्याच दिवशी पूर्ण भरा. दुसऱ्या दिवशी मोबाईल १० टक्क्यांवर आणा, बंद करून बँकेला लावा अन् ९० पर्यंत भरा. १० ते ९० म्हणजे ८० टक्के, ५,००० च्या मोबाईलला त्यासाठी बँकेतून साधारण १७ वॉट-अवर जातात. १०,००० च्या खऱ्या बँकेने हे पावणेदोनदा तरी झालं पाहिजे, २०,००० च्या बँकेने साडेतीनदा. वहीत लिहून ठेवा. ज्यांना नेमकं पाहायचं असेल त्यांनी टाईप-सीचा छोटा मीटर घ्यावा, काही शेकड्यात येते, केबलच्या मधी लावला की व्होल्ट, अँपिअर अन् वॉट स्क्रीनवर दिसतात. मी घेतला अन् पहिल्याच दिवशी कळलं की माझ्या चारपैकी दोन केबल ९ व्होल्टवर जातच नाहीत.

मग हॅण्डहेल्ड ५० टक्क्यांवर आणून तुमचा सगळ्यात जड गेम लावा अन् बँक जोडून अर्धा तास खेळा. टक्के वाढले किंवा तिथंच राहिले तर बँक तुमच्या मशीनला पुरते. खाली गेले तर वॉट कमी आहे, केबल बदलून परत पहा, तरीही तेच तर वापस करा. बँक या वेळात कोमट झाली तर ठीक, हातात धरवत नाही इतकी तापली तर एक मिनिटही ठेवू नका.

ऊन

चंद्रपूर, अकोला, नागपूर, मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. लिथियमची बॅटरी ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायची नसते, सेल आतून लवकर खराब होतात अन् फुगतात. एसटीत उन्हाच्या बाजूची खिडकी, टिनाच्या छपराखालची खोली, मोटरसायकलची डिक्की, कारचा डॅशबोर्ड, या जागी ४५ च्या किती वर जाते याचा विचार करा. माझी दुसरी बँक, चांगली होती, लग्नाच्या गर्दीत एक दुपार डिक्कीत राहिली अन् आठ दिवसांनी टेबलवर ठेवली तर डुलायला लागली, खालची बाजू फुगली होती.

उन्हाळ्यात दिवसाच्या प्रवासात मी बँक लावून खेळतच नाही, सकाळी दहापर्यंत अन् सूर्य मावळल्यावर. चार्ज करत असताना बँक बॅगेत कोंबू नका, ब्लँकेटखाली, उशीखाली तर अजिबात नको. आई आजही निघताना म्हणते, "रातभर ते डबडं उशाशी चार्जिंगले लावून झोपू नको रे बावा," अन् तिचं बरोबर आहे. झोपायच्या आधी केबल काढायची.

मॅगसेफ किंवा वायरलेस चिकटणाऱ्या बँका खेळताना वापरू नका, मोबाईल गेमने तापलेला, वरून पाठीवर अजून एक तापणारी वस्तू. वायरनेच लावा. तुमच्या मोबाईलमध्ये बायपास चार्जिंग असेल तर ते सुरू करा, इन्फिनिक्सच्या जीटी २० प्रो सारख्या काही गेमिंग मोबाईलमध्ये आहे, अन् सॅमसंगच्या काही मॉडेलमध्ये गेम बूस्टरच्या सेटिंगमध्ये यूएसबी पॉवर डिलिव्हरी थांबवायचं बटन असते, त्याला पीडीची बँक लागते. यात वीज बॅटरीत न जाता थेट मोबाईल चालवायला जाते, मोबाईल कमी तापतो अन् फ्रेमही कमी तुटतात.

रेल्वे अन् विमान

धामणगाव किंवा बडनेऱ्याहून रेल्वे पकडणाऱ्यांनी डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवर रात्रीसाठी विसंबू नये, आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ ते बंद ठेवायचं रेल्वेने २०२१ मध्ये ठरवलं. म्हणजे बँक दिवसा डब्यात भरून घ्यायची अन् रात्री वापरायची.

नागपूरहून विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच पाहिजे. १०० वॉट-अवरपर्यंत चालते, १०० ते १६० ला एअरलाईनची परवानगी लागते, त्याच्या वर नाही. म्हणून २०,००० ची ७४ वॉट-अवर आरामात जाते, ३०,००० ची १११ होते अन् परवानगी नसेल तर काउंटरवर अडते. बँकेवरचे छापील आकडे पुसले असतील तर ती अडवू शकतात, त्यावर आधीच पारदर्शक टेप लावून ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला आग लागली, त्यानंतर एकेका एअरलाईनने विमानात बँक लावून चार्ज करणंच बंद केलं, एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून. विमानात मशीनच्या स्वतःच्या बॅटरीवरच खेळायचं असं धरून निघा.

मी कोणती घेईन

मोबाईल किंवा रेट्रो मशीन असेल तर १०,००० ची, २० वॉट पीडी, एक ए अन् एक सी पोर्ट. खिशात मावते अन् लाईन दोन-तीन तास आली तरी भरते. स्विच असेल तरी हीच, पण स्विचसोबत मोबाईलही चालवायचा असेल तर २०,००० ची ३० वॉटवाली. स्टीम डेक किंवा अॅलायसाठी २०,००० ते २७,००० च्या मधी, सी पोर्टवर एकट्याने ४५ किंवा ६५ वॉट देणारी अन् इनपुट ३० च्या वर असलेली. दोघं-तिघं भाऊ सोबत जात असाल तर एक मोठी घेण्यापेक्षा दोन वेगळ्या घ्या, एक खराब झाली तरी दुसरी आहे अन् केबलची ओढाओढ होत नाही.

घरी काम नसताना बँक पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, अर्धी भरलेली ठेवा, महिन्या-दोन महिन्यात एकदा पहा. फुगली असेल, गोड केमिकलसारखा वास येत असेल तर चार्ज करू नका, दाबू नका, सुई टोचू नका. अंगणात मोकळ्या जागी, कापूस-कडबा, सिलिंडर यापासून दूर ठेवा, अन् तालुक्याला जाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्या मोबाईल सर्व्हिस सेंटरला द्या. उकिरड्यावर फेकली तर उन्हाळ्यात तिथं आग लागते अन् बाजूला कोणाचा तरी गोठा असते. पेटलीच तर आधी माणसं अन् जनावरं बाजूला करा अन् दूर राहून भरपूर पाणी मारा, एक तांब्या नाही, बादल्या, कारण आतले सेल थंड झाले नाही तर ती विझून परत पेटते.